मोसंबीच्या बागेतली बेल्जियन बिअर

पुण्याहून जालन्याला निघालेल्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण खिडकीबाहेर पाहायची परवानगी नव्हती. माझ्या दोन पायांच्या मध्ये एक लाकडी खोकं होतं, त्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बिअरच्या बाटल्या होत्या, आणि बाटल्या हलता कामा नयेत अशी गजूची सक्त ताकीद होती. "तळाशी यीस्ट बसलंय. ते उठलं की सगळी गढूळ," असं तो शिवाजीनगरला म्हणाला, नगरला म्हणाला आणि औरंगाबादला चहा पितानाही म्हणाला. रस्ता मात्र कोणाचं ऐकणारा नव्हता. प्रत्येक खड्ड्याला मी गुडघे आवळून खोकं धरत होतो. कंडक्टरने एकदा वाकून विचारलं, "काय आहे हो त्यात?" गजू म्हणाला, "औषध." कंडक्टरने मोठ्या समजुतीने मान हलवली. "आम्ही पण घेतो कधी कधी," असं म्हणून तो पुढे गेला.

या गजूची ओळख करून द्यायला हवी. पुण्यात तेव्हा स्वतःच्या पद्धतीने थोडी थोडी बिअर बनवणारे छोटे कारखाने नुकतेच निघू लागले होते. त्यातल्या एका कारखान्यात गजू बिअर बनवायला होता. वय तिशीचं, हात कायम ओले. माझा छोटा छापखाना आहे. औषधांच्या आणि लोणच्यांच्या बाटल्यांची लेबलं छापणं हा धंदा. गजूने स्वतःची अशी पहिली बिअर तयार केली होती आणि मालकाने तिच्या लेबलाचं काम मला दिलं होतं. बिअर बेल्जियमच्या पद्धतीची, सोनेरी. त्या चिमुकल्या देशात म्हणे गावागावाची बिअर निराळी असते. सोनेरी बिअरमध्ये फिक्या रंगाचं माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) घालतात, थोडी साखरही घालतात, आणि बाकीचं काम यीस्टवर सोपवतात. गजूने त्यात आपल्या गावच्या मोसंबीची साल घातली होती आणि जरासे ठेचलेले धने.

"लेबलावर मोसंबी काढायची तर बाग बघायला चला," असं तो म्हणाला तेव्हा मी लगेच तयार झालो. पण तो स्वतः कशासाठी निघाला होता ते मला बसमध्ये कळलं. त्याला वडील नव्हते. चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, वाढवलेलं. नाना मोसंबीचे आडते. झाडावरची अख्खी बाग उक्ती (एकरकमी, मोजमाप न करता) घ्यायची, आणि तीही एक फळ चाखून. पंचक्रोशीत त्यांच्या जिभेचा शब्द चालायचा. त्या जिभेला डाग लागू नये म्हणून नानांनी कधी विडी ओढली नाही, पान खाल्लं नाही, दारूचं तर नावच नको. गजूनेही आडत चालवावी अशी त्यांची इच्छा होती आणि गजू निघाला बिअर करायला. तेव्हापासून बोलणं तुटक झालं होतं.

"पुण्यात सगळे छान म्हणून राह्यले," गजू म्हणाला. औरंगाबाद मागे पडल्यापासून त्याची भाषा हळूहळू गावाकडे सरकत होती. "मालक बी खूश हाय. पन नानांनी एकदा जिभेवर घेऊन सांगावं. मंग माझं मला पटंल."

जालन्यात उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. 'जालना सोने का पालना' ही म्हण मी ऐकून होतो. सोनं काही दिसलं नाही, पण सळयांनी भरलेले ट्रक आणि बियाण्यांच्या पाट्या मात्र जिकडे तिकडे दिसल्या. रात्रीचा मुक्काम मस्तगडला, गजूच्या एका शाळासोबत्याच्या घरी. घर दुकानाच्या वर होतं. जेवायला बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा पूड करून ठेवलेला साठा). मी राजापूरचा, नारळावाचून आमटी ही कल्पनाच मला करवत नाही. पहिल्या घोटाला नाक लाल झालं, दुसऱ्याला डोळे, आणि तिसरी वाटी मी स्वतःहून मागितली.

सकाळी जीप मिळाली. आमच्या जीपमध्ये किती माणसं होती ते मी सांगू शकणार नाही, कारण काही माणसांचे फक्त पाय दिसत होते. खोकं आता गजूच्या मांडीवर होतं आणि त्याच्यावर एका आजीबाईंची पिशवी. अंबड मागे टाकलं तशी काळी जमीन दोन्ही बाजूंनी मोकळी पसरली. दिवाळी होऊन गेलेली. कापूस फुटून पांढरा झाला होता, बायका तो वेचून ओटीत भरत होत्या, तुरीला पिवळा फुलोरा आला होता. मध्येच एकदम गर्द हिरवा चौकोन दिसायचा. ती मोसंबीची बाग. आम्हा कोकणातल्या लोकांची समजूत अशी की फळ एकच, आंबा; बाकी सगळी आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू. ती समजूत घेऊनच मी त्या मुलखात शिरलो होतो.

जांब समर्थला जीप थांबली. तिथे देवळात जाऊन पाया पडलो. आवार स्वच्छ, झाडाखाली परभणीकडून आलेली काही मंडळी दशम्या सोडून बसली होती. गजूने खोकं बाहेर पायरीशी ठेवलं आणि मला राखण करायला लावून आधी तो आत गेला, मग त्याने राखण केली आणि मी गेलो. औषध देवळात नेऊ नये एवढं आम्हा दोघांनाही कळत होतं. तिथून गाव जवळच.

नाना ओसरीवर उभेच होते. उंच, सडसडीत, पांढरं धोतर, खांद्यावर मोठी चौकड्याची दस्ती (रुमाल). त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे, मग गजूकडे.

"आलास?"

"आल्तो म्हनलं, दोन दिवस ऱ्हावं," गजू पाया पडत म्हणाला.

"ऱ्हा की. घर तुझंच हाय. हे पाव्हणे?"

माझी ओळख झाली. काकूंनी गूळ-पाणी आणलं आणि पुतण्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "वाळला रे गजा माझा," त्या म्हणाल्या. गजूचं पोट तेव्हा शर्टाच्या गुंड्यांशी भांडत होतं, पण काकूंच्या डोळ्यांपुढे कोणाचं चालतं?

जेवायला धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट, थापलेली भाकरी) आणि त्यावर दही. जेवण झाल्यावर गजूने हळूच विषय काढला. नाना म्हणाले, "आता न्हाई. पोट भरल्यावर जिभेला काय कळतंय?" बरोबरच होतं ते.

संध्याकाळी आम्ही बागेत गेलो. इथे मात्र मी हरलो, हे कबूल करतो. मोसंबी मी पाहिली होती ती मुंबई-पुण्याच्या गाड्यांवर, सुरकुतलेली, उन्हाने थकलेली. इथे ती पानांत लपून बसली होती, अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, हाताला गार आणि जड. नानांनी एक फळ तोडलं, तळहातावर तोललं, सालीवर नख घासलं. वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मग त्यांनी फळ आडवं कापलं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं.

"सांगा पाव्हणे. कसं हाय?"

"गोड आहे. पण नुसतं गोड नाही, मागून किंचित आंबट येतं."

नानांनी आपली फोड तोंडात घातली, चावली, चोथा टाकला. "बराबर," ते म्हणाले. पुढच्या झाडाचं फळ पाणचट लागलं. मी तसं सांगितलं. "बराबर," नाना म्हणाले. तिसऱ्या झाडापर्यंत माझी छाती चांगलीच फुगली होती. एवढ्या नावाजलेल्या आडत्याचं आणि माझं मत झाडागणिक जुळत होतं! गजू मागून मुकाट चालत होता. मी त्याला म्हटलं, "बघ, जीभ असावी तर अशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा विचारलं. "सकाळची जीभ आंबट असते," नाना म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, तर आत्ताच चहा झाला होता. नाना रागावत नव्हते, नाही असंही म्हणत नव्हते, फक्त हाती लागत नव्हते. मला त्यांचा थोडा राग आला. बिअर नको असेल तर तसं सांगावं. पोराला असं ताटकळत ठेवायचं म्हणजे काय? गजू विहिरीवर गेला. बाटल्या त्याने बादलीत घालून दोराने पाण्यात सोडल्या होत्या, तो दोर धरून तो नुसता बसून राहिला.

दुपारी बागेत शेजारचे बागाईतदार जमले. गजाने पुण्याहून काहीतरी बनवून आणलंय ही बातमी गावभर झाली होती. त्यात पुढाकार रंगनाथरावांचा. हे नानांचे जुने स्नेही, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. झाडाखाली सतरंजी पडली. चहाच्या हॉटेलातून काचेचे ग्लास आणवले, कारण स्टीलच्या फुलपात्रात बिअर ओतायला मी आडवा आलो होतो. रंग बघितल्याशिवाय ही बिअर प्यायची म्हणजे आंबा डोळे बांधून खाण्यासारखं.

गजूने बाटली अलगद वर काढली, झाकण उघडलं आणि ग्लास तिरपा धरून धार सोडली. लख्ख सोनेरी रंग, त्यात खालून वर जाणारे बारीक बुडबुडे आणि वर पांढराशुभ्र, दाट फेस. फेस बसायचं नावच घेईना. मी नाक जवळ नेलं. आधी मोसंबीची साल आली, मग मिऱ्यासारखं काहीतरी तिखट. मिरी त्यात घातलेलीच नव्हती; ती करामत यीस्टची. पहिला घोट घेतला. वासावरून वाटलं होतं गोड असेल, पण ती कोरडी निघाली, जिभेवरून स्वच्छ धावत गेली. धन्यांचा वास गिळल्यावर वर आला, आणि मग छातीत मंद ऊब. अंगाने हलकी दिसते म्हणून फसायचं काम नाही; ती दोन ग्लासांत माणूस बसवते. मी आयुष्यात बिअर पुष्कळ प्यायलो आहे, बहुतेक वेळा तहान लागली म्हणून. ही पिताना पहिल्यांदाच बिअरकडे लक्ष द्यावंसं वाटलं. मी हे गजूला तिथेच सांगितलं आणि तो लाजला.

रंगनाथरावांनी ग्लास नाकाशी नेला. "अरे, ही तर आपली मोसंबी हाय बिलकुल!" असं ओरडून त्यांनी बंडीच्या खिशातून पुडी काढली. या भागात मोसंबीच्या रसात काळं मीठ घातल्याशिवाय कोणी पीत नाही, आणि ते मीठ रंगनाथराव खिशात बाळगतात. गजू "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत चिमूट पडली. ग्लास जो उसळला तो फेस मिशांवर, बंडीवर आणि धोतरावर. घाबरून त्यांनी ग्लास शेजाऱ्याच्या मांडीवर टेकवला, तर तोही भिजला. सगळे इतके हसले की बागेतले होले उडाले. "जित्ती हाय रे गजा तुझी दारू," रंगनाथराव मिशा पुसत म्हणाले आणि दुसरा ग्लास मागितला, बिनमिठाचा.

ग्लास फिरले. कोणी चांगली म्हणालं, कोणी कडू म्हणालं, पण ठाम कोणीच काही बोलेना. सगळे हळूहळू नानांकडे पाहू लागले. शेवटी रंगनाथराव म्हणाले, "नाना, पोरगं तुमचं, फळ तुमचं. तुमी चाखल्याबिगर आमाला काय कळणार? गिळू नका, नुसतं जिभेवर घ्या."

आता सुटका नव्हती. नानांनी हात पुढे केला. गजूने नवा ग्लास धुतला, पुसला, भरला. नानांनी घोट घेतला, डोळे मिटले, तोंडात इकडून तिकडे फिरवला आणि वळून झाडाच्या आळ्यात थुंकले. मग बराच वेळ तसेच बसून राहिले.

"काय म्हनता, नाना?" रंगनाथरावांनी विचारलं.

"भाव असा उघड्यावर सांगत नसतेत," नाना म्हणाले.

त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली आणि आपल्या उजव्या हातावर टाकली. मंडळींनी खुशीने माना डोलावल्या. जुन्या बाजारात सौदा असाच व्हायचा. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने रुमालाखाली हातात हात द्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्या दोन हातांनाच कळायचा. गजू पुढे सरकला आणि त्याने दस्तीखाली हात घातला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आधी तिथे नुसती धास्ती होती. मग काहीतरी बदललं. त्याने एकदम मान वर करून नानांकडे पाहिलं. नाना जमिनीकडे पाहत होते. गजूने हात बाहेर काढला नाही. बराच वेळ काढला नाही.

मग तो मंडळींकडे वळला. "नाना म्हनतेत, चौदा आणे," तो म्हणाला. "साल जास्ती वेळ राह्यली आतमंदी. त्यानं शेवटाला कडू रेंगाळतं. धने बराबर हाईत. साल जरा जल्दी काढाया पाहिजे."

मी घाईने माझ्या ग्लासातला घोट घेतला. खरंच की! अगदी शेवटी, ऊब ओसरल्यावर, सालीच्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा जिभेच्या मुळाशी चिकटून राहत होता. इतका वेळ तो मला कळलाच नव्हता.

"याला म्हनतेत जीभ!" रंगनाथरावांनी मांडीवर थाप मारली. "एका घोटात काढलं बघा." बाकीच्यांनाही आता तो कडूपणा लागू लागला. नानांनी दस्ती घडी करून खांद्यावर टाकली आणि गजूकडे बघून म्हणाले, "बराबर."

आम्ही त्याच संध्याकाळी निघालो. काकूंनी धपाट्यांचा गठ्ठा आणि गोणीभर मोसंबी बांधून दिली. गजू आणि नाना गोठ्याशी उभे राहून काही बोलत होते. मी लांबच थांबलो. निघताना नानांनी माझ्याही पाठीवरून हात फिरवला.

अंबडहून एसटीत बसल्यावर मी म्हटलं, "गजू, तुझे नाना म्हणजे थोर माणूस. मला न कळलेलं त्यांनी एका घोटात ओळखलं. सोळातले चौदा आणे म्हणजे काही कमी नाहीत." तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"नानांनी बोट दाबलंच न्हाई."

"म्हणजे?"

"उघडा तळहात ठेवला माझ्या हातात. आडत्यानं उघडा हात दिला की त्याचा अर्थ, माझ्याकडं भाव न्हाई, तूच बोल. जिंदगीत त्यांनी कुनाला उघडा हात दिला न्हाई. श्रावणात ताप आल्ता त्यांना. तवापासून वास बी न्हाई आन् चव बी न्हाई. उघडा हात लागला तवाच काय ते उमगलं, मंग गोठ्यापाशी त्यांनी सांगितलं मला. काकूशिवाय कुनाला ठाव न्हाई. मी दोन दिवस समजून राह्यलो, दारूचा राग हाय म्हनून टाळतेत."

तेव्हा कुठे मला बागेतलं ते 'बराबर' कळलं आणि कान गरम झाले. माझी जीभ नानांशी जुळत नव्हती. नाना माझ्या जिभेवर चालत होते. तरीही मला अपमान वाटला नाही. चव गेलेल्या जिभेने ओळीने तीन झाडांची फळं पाहुण्यापुढे चावून दाखवायची, याला काय लागत असेल याचाच मी विचार करत राहिलो. आणि बाकी सगळीकडे असं निभावून नेलं तरी एकाच ठिकाणी, गजूच्या बिअरवर, त्यांना खोटा भाव सांगवला नाही. या दोघांचा मला हेवा वाटला, हे सरळच लिहितो. नानांची गोष्ट फुटू नये म्हणून गावाचं नाव मी वर कुठे दिलेलं नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत.

"मग ते सालीचं, कडूचं कोणी काढलं?" मी विचारलं.

"मीच. पहिल्या बाटलीपासून मला खटकून राह्यलं होतं. पुण्यात कुनी बोललं न्हाई, मी बी बोललो न्हाई. पन नानाच्या नावानं सांगायचं तर खोटं कसं सांगू?"

"अरे, पण चौदाच का? आकडा तुझ्याच हातात होता. सोळा आणे सांगायचे होतेस!"

गजू पहिल्यांदा हसला. डोळे त्याने बाहीने पुसले. "सोळा म्हनलो असतो तर रंगनाथकाकाला तिथंच कळलं असतं की नानाची जीभ गेली. नानांनी आजवर देवाच्या झाडाला बी सोळा दिले न्हाईत."

पुण्यात परतल्यावर मी लेबल केलं. त्यावर मोसंबी आडवी कापलेली आहे, नानांनी कापली होती तशी. महिन्याभराने गजूने मला कारखान्यात बोलावलं. नवी बिअर तयार होती. साल लवकर काढलेली. मालक तिथेच होता. हा बदल कोणी सुचवला असं त्याने विचारलं तेव्हा गजू म्हणाला, "आमच्या नानांनी," आणि मी मान डोलावली. मग त्याने ग्लास भरून माझ्या हातात दिला. तोच सोनेरी रंग, तोच हट्टी फेस, आणि शेवट आता स्वच्छ, कडूपणाचा मागमूस नाही. इतकी चांगली बिअर मी त्याआधी प्यायलो नव्हतो, आणि नंतरही क्वचितच प्यायलो.

"किती?" गजूने विचारलं.

सोळा माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी त्याच्याकडे पाहिलं, डोळे मिटले, घोट तोंडात इकडून तिकडे फिरवला आणि जरा वेळ थांबलो.

"पंधरा," मी म्हणालो.

गजूचा चेहरा असा फुलला की विचारू नका.